वीणा खाली ठेवायची नाही

अमडापूर, तालुका चिखली
ता. १९ एप्रिल १९३६

आपल्या चरणी शरयूचा नमस्कार.

तार पोचली असेलच. खामगावच्या तार ऑफिसात माणूस मुद्दाम पाठवला होता. मामंजी गेले. दहाव्यापर्यंत मी रस्त्याकडे पाहत होते. खामगावची मोटार आपल्या घरावरून जाते आणि ती थांबली की माणसाआधी धूळ घरात येते, हे आपल्याला आठवत असेल. धूळ रोज आली. मुलगा असताना अग्नी भटजींच्या हातून दिला गेला, हे लिहिताना मला आनंद होत नाही, पण दुसरं कोणी लिहिणारही नाही.

शेवट शांतपणे झाला. पहाटे देवळात सप्त्यात वीणेचा पहारा करताना त्यांना चक्कर आली, घरी आणलं, दिवस मावळायच्या आत गेले. मी त्या वेळी देवळात होते. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

माणसं अजून येतात. ओसरीवर बसतात, चहा घेतात आणि प्रत्येकजण तीच गोष्ट आपलीच म्हणून सांगतो. मास्तर हजेरी घेताना मान वर करत नसत. पोरगं 'हजर' म्हणालं की त्या एका शब्दावरून त्यांना कळायचं, याला ताप आहे, हा रात्री मार खाऊन आला आहे, आणि हा त्याच्या भावाच्या नावानं ओरडतो आहे. पाढे ते षड्ज लावून म्हणून घेत. एकोणतीसचा पाढा अजून गावातले म्हातारे चालीवरच म्हणतात आणि चाल चुकली तर आकडाही चुकतो. नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षी खामगावला गाणं ऐकायला ते चालत गेले होते आणि सकाळी चालतच येऊन शाळेची घंटा दिली होती. पेन्शनीत निघाले तरी घंटेच्या वेळेला त्यांचा हात उचलायचाच. मी पाहायची आणि पाहिलं नाही असं दाखवायची.

आपण म्हणाल, मला काय सांगतेस, मी त्याच वर्गात बसलो. तेही खरं. आपल्या गळ्यात सूर नव्हता आणि तो नाही हे त्यांनी चारचौघांत, भर सप्त्यात बोलून दाखवलं. "हा दगड आहे, याला पाझर फुटायचा नाही." ते चुकलंच त्यांचं. मी तेव्हा दाराआड उभी होते. आपण त्या आठवड्यात नागपूरला गेलात, जागा मिळाली की बोलावतो म्हणालात, त्याला आता पाच वर्षं झाली. जागा अजून मिळाली नसेल. नागपूर मोठं आहे म्हणतात, तिथं जागेची टंचाई असणारच.

आता कामाचं. चिखलीच्या मुलींच्या शाळेत एक मास्तरीण हवी आहे. वाचता-लिहिता येणारी, प्रार्थना म्हणून घेणारी. मला दोन्ही येतं. शाळा जुलैत उघडेल. तिथल्या मुख्य बाईंनी विचारलं, नवऱ्याची हरकत नाही ना? तेवढी एक ओळ आपल्या हातची पाठवावी. मी इथं एकटी या चार भिंतींत बसून काय करू? मला दुसरं काही मागायचं नाही. एक ओळ.

आपली
शरयू


अमडापूर
ता. ८ मे १९३६

आपल्या चरणी नमस्कार.

आपलं पत्र आलं. आजवर दिवाळीचं कार्ड मामंजींच्या नावानं यायचं, शेवटी 'सर्वांस नमस्कार'. त्या सर्वांत मी असेन असं धरून मी चालले होते. या पत्रात माझं नाव आहे. रागावून का होईना, आहे.

आपण लिहिता, ज्येष्ठ लागायच्या आत नागपूरला निघून ये. घर पंजाबराव पाटलांना द्यायचं ठरवलं आहे. शाळेचं नाव काढू नकोस. बरं. मी येते. मला आनंद झाला असं समजू नये. संदुकीतलं मोरपिशी लुगडं मी फक्त वारा लागावा म्हणून बाहेर काढलं. पाटा-वरवंटा आणायचा की तिथं आहे? तुळशीला जागा आहे का? नसली तर डब्यात लावून आणेन, डबा खिडकीत मावेल. खामगावपर्यंत मोटार आणि पुढं गाडी, एवढं मला एकटीला जमेल. कोणी न्यायला यावं असं नाही.

आता आपण विचारलंत, देवळात काय तमाशा केलास. पंजाबरावांनी आपल्याला लिहिलं, पण त्यांनी सोयीचं तेवढं लिहिलं असणार. म्हणून मी सगळं लिहिते.

सप्त्याची रीत आपल्याला मी काय सांगायची. सात दिवस नाम थांबायचं नाही आणि वीणा खाली ठेवायची नाही. ज्याच्या गळ्यात ती असेल त्यानं बसायचं नाही, पुढच्यानं ती उतरवून आपल्या गळ्यात घेईपर्यंत खांबापाशी उभं राहायचं. आणि घेताना घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या पाया पडायचं. पाटील असो, बलुतेदार असो, वीणा ज्याच्या गळ्यात त्याचे पाय धरायचे. मामंजींचा पहारा पहाटेचा. बरेच दिवस त्यांना बरं नव्हतं, पण हा पहारा त्यांनी कोणाला दिला नाही. मी दूध घेऊन गेले तेव्हा ते नाम घेत होते आणि खांबाला पाठ टेकून होते. मामंजी खांबाला कधी टेकत नसत. मी तांब्या खाली ठेवला आणि तेवढ्यात ते वाकले. वीणा त्यांच्या गळ्यातून निसटली, मी धरली. धरली तर खरी, ठेवायची कुठं? भोपळा फरशीला लागणार, म्हणून पट्टा माझ्या गळ्यात घातला. विचार केला नाही. भांडं कलंडलं की बाई जशी धरते, तशी धरली.

टाळकऱ्यांनी मामंजींना उचलून घरी नेलं. मी तिथंच. नाम थांबू नये म्हणून मी नाम सुरू केलं.

पुढचा पहारा पंजाबरावांचा. ते आंघोळ करून, बुक्का लावून आले आणि मला पाहून उंबऱ्यातच थबकले.

"मास्तरीनबाई, थे वीना पाटावर ठेवा. मंग मी घेतो."

मागून कोणीतरी म्हणालं, "पाटावर ठेवली तं खंड पडन ना सप्त्याले. गावावर येईन."

"मंग काय मी हिच्या पाया पडू?" पंजाबराव म्हणाले. "नवऱ्यानं टाकलेल्या बाईच्या?"

हे वाक्य त्यांनी आपल्याला लिहिलं नसेल. मी ऐकलं आणि नाम घेत राहिले, कारण थांबायची सोय नव्हती. रडायचीही नव्हती, रडलं की सूर जातो.

माणसं जमली. कोणी म्हणे पाया पडू नका, नुसती घ्या. कोणी म्हणे पाया पडल्याशिवाय घेतली तर ती चोरी. कोणी म्हणे बाईच्या गळ्यात गेली तेव्हाच खंड पडला. त्यावर दुसरा म्हणे, नाम तर चालू आहे, खंड कसा? ठेवू देईनात आणि घेईनातही. शेवटी शास्त्रीबुवांना विचारायला एकाला सायकलवर चिखलीला धाडलं. तो दुपारी उन्हानं काळा होऊन परत आला. शास्त्रीबुवा लग्नाला गेले होते.

मी उभी. पायांना आधी मुंग्या आल्या, मग पाय माझे राहिले नाहीत. शेजारच्या सोजराबाईंनी वरून ओंजळीत पाणी घातलं. देऊळ आणि आपलं घर यांच्यामध्ये एक बोळ आहे, एवढाच. घरातून निरोप आला, "मास्तर तुमाले बोलावून राह्यले." मी सभामंडपातल्या सगळ्या पुरुषांकडे पाहिलं. एकानंही माझ्याकडे पाहिलं नाही. आणखी एकदा निरोप आला. मग निरोप आला नाही.

मी वीणा फेकून का गेले नाही, असं आपण विचाराल. मीही विचारते. मामंजींनी ती जन्मभर खाली ठेवली नाही, आणि मी ती त्यांच्याच शेवटच्या सप्त्यात ठेवायची? मला दोन्हीकडून बांधलं होतं. मग मला जे एक येतं ते मी केलं. गायले.

ही गोष्ट आपल्याला ठाऊक नाही. आपण गेल्यावर मामंजींनी मला गाणं शिकवलं. दारं लावून. आवाज ओसरीच्या पुढं जाऊ नये म्हणून पेटीवर गोधडी टाकायचे. "सुनेचं गाणं गावानं ऐकायचं नसतं," म्हणायचे, आणि तरी रोज तास तास शिकवायचे. चुकलं की माझ्यासमोर पोथी आपटायचे. पूर्ण आवाज लावायला मला कधी मिळाला नाही. घशात धरून ठेवायची सवय लागली. त्या दिवशी सभामंडपात मी किती मोठ्यानं गात होते, ते मला कळत नव्हतं. नंतर कळलं की वेशीपर्यंत ऐकू येत होतं.

उन्हं उतरली तेव्हा पंजाबरावांची आई रुखमाबाई काठी टेकत आल्या. त्यांना दिसत नाही फारसं. मंडपाच्या मध्यभागी उभ्या राहून त्या म्हणाल्या, "पंज्या, काऊन उभा राह्यला बे खांबावानी? पाया पड तिच्या."

"माय, थे बाई हाये."

"मंग तुले कोनं जनलं, पाटलानं? पाया पड म्हनलं न."

लोक हसले. पंजाबराव लाल झाले. वाकले, माझ्या पायाला बोटं लावली, वीणा घेतली. मी चालायला गेले आणि पडले. उठून बोळातून घरी आले. मामंजींना तोवर खाटेवरून खाली घेतलं होतं.

सोजराबाई त्यांच्यापाशी होत्या. त्या म्हणाल्या, "मास्तर दिवसभर ऐकून राह्यले होते, बाई. खाटीच्या माचव्यावर बोटं चालू. मधीच म्हनत, 'हळू. धावतेय ती.' मंग एक डाव म्हने, 'आता बरोबर.' मंग बोटं थांबले."

एवढाच तमाशा झाला. बाकी आपण म्हणाल तसं. मोरपिशी लुगडं घडी घालून ठेवलं आहे.

आपली
शरयू


अमडापूर
ता. २६ मे १९३६

नमस्कार.

वर 'आपल्या चरणी' लिहिलं नाही, ते मुद्दाम. यापुढं मी तुम्हाला 'तुम्ही' म्हणेन, त्याच्याहून जास्त मला जमायचं नाही.

चारुलतेचं पत्र आलं. तुमच्या बायकोचं. अक्षर बरं आहे तिचं, वेलांट्या मात्र गडबडीत देते. ती लिहिते की तिला आई नाही, तिला भीती वाटते, आषाढात दिवस भरतात आणि 'तुम्ही येणार हे कळल्यावर मला धीर आला'. म्हणजे मला बोलावलं ते यासाठी. बाळंतिणीला शेक द्यायला, बाळाला न्हाऊ घालायला, फुकटची आणि घरची अशी एक बाई हवी होती. पाच वर्षांनी तुम्हाला जागा मिळाली ती माझ्यासाठी चुलीपाशी मिळाली.

दुसरं लग्न केलंत याचं मला नवल वाटलं नाही. पुरुष करतात, आमच्या अमडापुरातही करतात. मला जे लागलं ते पुढं आहे. तिच्या वडिलांना तुम्ही सांगितलंत, पहिली बायको प्लेगात गेली. दोन वर्षं मी मेलेली आहे. या दोन वर्षांत मी हरतालिका केल्या, वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळलं, कुंकू लावलं, आणि नागपुरात माझं तेरावं जेवून लोक हात धुऊन बसले होते. आता बाळंतपण आलं तेव्हा तुम्ही तिला खरं सांगितलंत. कामाला माणूस लागलं की मेलेलं उठवता येतं, ही विद्या तुम्ही नोकरी करता त्या सेक्रेटरिएटात शिकवतात का?

मी दोन दिवस जेवले नाही. कोणाला सांगितलं नाही. सांगायला कोण आहे? मामंजींच्या खाटेवर बसले आणि त्यांच्यावरही चिडले. खरं सांगायचं तर तुमच्याहून जास्त चिडले. त्यांनी मला माहेरी जाऊ दिलं नाही, चिखलीला शिकायला जाऊ दिलं नाही, "उद्धव बोलावील, तोवर घर सांभाळ" म्हणायचे. त्यांना ताक करून देणारं, औषध उगाळणारं आणि त्यांचं गाणं ऐकून समजणारं कोणीतरी घरात हवं होतं. ते मला सोडायला तयार नव्हते आणि तुम्ही न्यायला. मला कोणीही विचारलं नाही. त्यांच्या आठवणी काढायला अजून लोक येतात, मी चहा देते, आणि हे त्यांना सांगता येत नाही. मास्तर फार चांगला माणूस होता, म्हणतात. होता. मलाही त्यांची आठवण येते आणि ओरडावंसंही वाटतं. दोन्ही एकदम.

आता घराचं. पंजाबराव काल आले होते. ओसरीच्या खालीच उभे राहिले, वर या म्हटलं तरी येईनात.

"वहिनी, मालकाचं पत्र आलं तुमच्या. घर घ्या म्हनते."

"घ्या मग," मी म्हटलं.

"कसं घेऊ? गावादेखत पाया पडलो ना तुमच्या. आता तुमाले घराबाहेर काढलं तं लोक माह्या तोंडात शेन घालतीन. माय तं घरातच घेनार नाही मले." मग पागोटं सारखं केलं. "वाईट वागायची सोयच राह्यली नाही पाहा तुमच्याशी. नसतं झेंगट करून बसलो."

मी हसले. मामंजी गेल्यापासून पहिल्यांदा. ते जास्तच रागावले आणि म्हणाले, "हसून काय राह्यल्या? अजून काही काम असन तं सांगून टाका आताच."

मी शाळेचं सांगितलं. शाळा चालवणाऱ्या लोकल बोर्डात ते आहेत, हे मला माहीत होतं. नवऱ्याची ओळ येत नाही म्हटल्यावर त्यांनी एक शिवी हासडली, ती तुमच्यासाठी होती, इथं लिहीत नाही. आणि आज सकाळी स्वतः चिखलीला जाऊन मुख्य बाईंना सांगून आले की या बाईची जबाबदारी माझी. तेव्हा तुमच्या एका ओळीची गरज आता नाही. ती जपून ठेवा, कुठं तरी उपयोगी पडेल.

मी नागपूरला येत नाही. घरही दुसरं कोणी घेणार नाही, पाटलानं नाही म्हटलेलं घर या गावात कोण घेतो?

शरयू


अमडापूर
ता. ५ जून १९३६

प्रिय चारुलता हिला अनेक आशीर्वाद.

तुझं दुसरं पत्र आलं. पहिल्यात भीती होती, यात नुसतं 'क्षमा करा, क्षमा करा' आहे. तू कशाची क्षमा मागतेस? ते तुझ्याशी खोटं बोलले तेव्हा तू पंधरा वर्षांची होतीस. क्षमा मागणारं माणूस दुसरं आहे आणि त्याला ते सुचणार नाही. तू रडू नकोस. या दिवसांत रडलं की पोटातल्याला कळतं म्हणतात.

मी तिकडं येणार नाही, हे तुला त्यांनी सांगितलं असेल. मी तुझ्यावर रागावून येत नाही असं मनात आणू नकोस. त्या घरात मी पाय ठेवला तर परत निघता येणार नाही, हे मला आता कळतं. आधी तू आजारी म्हणून राहीन, मग बाळ लहान म्हणून, मग दुसरं होईल. पाच वर्षं मी 'तोवर' या एका शब्दात काढली आहेत. आणखी काढायची नाहीत.

पण मी तुझं पत्र पुन्हा वाचलं. तू लिहितेस, पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि मला तर माहेरच नाही. हे वाक्य तू पुसायचा प्रयत्न केलास, पण शाई पसरली तरी वाचता येतं.

मग इकडं ये.

हसू नकोस. घर मोठं नाही पण मागची खोली थंड आहे. पंजाबराव पाटलांची आई रुखमाबाई, वय झालं आहे, डोळ्यांनी दिसत नाही, पण निम्मं अमडापूर त्यांच्या हातावर जन्मलं आहे. त्या म्हणतात, "दिसाले काय लागते? पोट हातानं कळते." सोजराबाई डिंकाच्या लाडवांचं सामान गोळा करायला लागल्या आहेत, मी सांगायच्या आधीच. तू गायला घाबरत नसशील तर संध्याकाळी आपण पेटी काढू. गोधडी न टाकता. इथल्या लोकांना आता माझ्या आवाजाची सवय झाली आहे. आवाज आला नाही तर विचारायला येतात, बाई आजारी आहे का.

'ते' पाठवणार नाहीत म्हणशील. त्यांना एवढंच म्हण की माहेरी गेले तर डॉक्टरणीचा खर्च वाचेल. ते स्वतः तुला स्टेशनवर आणून बसवतील. त्यांचा स्वभाव मला थोडा माहीत आहे, तुझ्याआधीपासून. खामगावला मी उतरून घ्यायला येईन. हिरवं लुगडं नेसून येऊ नकोस, प्रवासात नजर लागते, सोजराबाईंनी मुद्दाम लिहायला सांगितलं.

इथं आल्यावर लोक विचारतील, तू कोण. तू काही बोलायचं नाहीस, ते मी पाहीन. गावाला सगळं ठाऊक असणारच, पण तोंडावर कोणी बोलणार नाही. ज्याच्या तोंडाला लोक भितात तो पाटील माझ्याशी वाईट वागू शकत नाही. का ते तू आल्यावर सांगेन, मोठी गोष्ट आहे.

एक अडचण होती. शाळा जुलैत उघडते आणि तुझेही दिवस तेव्हाच. मी परवा चिखलीला जाऊन मुख्य बाईंना भेटले. म्हटलं, मला महिनाभर उशिरा रुजू होऊ द्या, घरी पहिलटकरीण यायची आहे. त्या कडक आहेत. चष्म्यावरून पाहत त्यांनी विचारलं, "कोण लागते ती तुमची?"

सवत म्हणायला जीभ वळली नाही. खोटं बोलायचीही मला सवय नाही, घरात ते मामंजींना खपायचं नाही, आवाजावरून पकडायचे. पण मी म्हटलं, "धाकटी बहीण." माझा आवाज जराही हलला नाही, चारू. बाईंनी मान हलवली आणि महिना दिला.

आता तू आली नाहीस, तर नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी खोटी ठरेन.

तुझी
ताई